वर्गणीदारांची वही कोणाकडे?

नियतकालिकाच्या कचेरीत वर्गणीदारांची एक वही असते. नाव, पत्ता, वर्गणी कोणत्या महिन्यात संपते, एवढीच तिच्यातील नोंद. परंतु अंक कोणाकडे जायचा हे तीच ठरवते, आणि ती संपादकाच्या ताब्यात असते. १९९९ नंतर महाजालावर रुजलेल्या ‘फीड’ या व्यवस्थेने ही वही वाचकाच्या हाती दिली. कोणत्या संकेतस्थळांवरचे नवे लेखन हवे याची यादी वाचकाने स्वतःजवळ ठेवायची. त्याची फीड वाचणारी आज्ञावली ठराविक वेळाने तेथे फेरी मारून नवे काय ते घेऊन येणार. वाचकाचे नाव वा पत्ता विचारण्याचे प्रकाशकाला प्रयोजनच उरत नाही. वरकरणी तांत्रिक वाटणारा हा इतिहास वस्तुतः संहिता, तिचा सारांश आणि तिचा वाचक यांच्या बदलत्या नात्याचा इतिहास आहे.

मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ‘माय नेटस्केप’ या प्रवेशस्थळासाठी आरएसएस हे स्वरूप प्रसिद्ध केले. (महाराष्ट्रात या तीन अक्षरांनी वेगळेच काही आठवते, ते येथे अभिप्रेत नाही.) इतर स्थळांची शीर्षके आपल्या पानावर दाखवता यावीत, एवढाच मर्यादित हेतू होता. त्यामागे आयआयटी मद्रासचे पदवीधर रामनाथन गुहा आणि डॅन लिबी हे दोघे होते. गुहा यांनी त्याआधी ॲपलमध्ये ‘माहितीविषयीची माहिती’ नोंदवण्याच्या पद्धतीवर काम केले होते. साहजिकच आरएसएसचा पहिला अवतार ग्रंथालयाच्या तालिकेच्या जवळचा होता. जुलै १९९९ मधील पुढच्या आवृत्तीत लिबी यांनी ही तालिकेची चौकट सोडली आणि डेव्ह वाइनर यांनी १९९७ मध्ये स्वतःच्या अनुदिनीसाठी घडवलेल्या स्वरूपातील काही घटक स्वीकारले. पुढे एओएलच्या मालकीच्या झालेल्या नेटस्केपने २००१ मध्ये या उपक्रमातून अंग काढून घेतले. मूल वाढत होते आणि पालक निघून गेले होते.

त्यानंतरचा वाद वाङ्मयीन वादांची आठवण करून देणारा आहे. डिसेंबर २००० मध्ये एका गटाने तालिकेच्या मूळ कल्पनेकडे परतणारी १.० ही आवृत्ती काढली. त्याच महिन्यात वाइनर यांनी साधेपणाचा आग्रह धरणारी ०.९२ काढली आणि सप्टेंबर २००२ मध्ये तिचा विस्तार २.० या क्रमांकाने केला. दोन्ही पक्ष एकाच नावावर हक्क सांगत होते. नावाची अक्षरे तीच राहिली, अर्थ मात्र पालटला. आरंभी त्यांतील एक अक्षर ‘सारांश’ या अर्थाचे होते. वाइनर यांच्या विग्रहात त्याची जागा ‘वितरणा’ने घेतली. वृत्तपत्रसृष्टीत एकच सदर अनेक पत्रांना पुरवण्याची जी प्रथा आहे, तिच्यातून हा शब्द आला. हा केवळ शब्दच्छल नव्हता. ज्या रकान्यात दोन ओळींचा गोषवारा असायचा, त्यात आता संपूर्ण लेख जाऊ लागला. मग लेख नेमका कोठे असतो? लेखकाने सजवलेल्या पानावर, की वाचकाच्या यादीत उतरलेल्या निराभरण मजकुरात?

या प्रश्नाला काटेकोर उत्तर देण्याचा प्रयत्न २००३ मध्ये सुरू झालेल्या आणि डिसेंबर २००५ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘ॲटम’ या स्वरूपाने केला. त्याने सारांश आणि संहिता यांना वेगळे रकाने दिले. प्रथम प्रकाशनाची आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख वेगळी मानली. लेखकाचा उल्लेख आवश्यक ठरवला. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हे भेद परके वाटू नयेत.

मराठीपुरता या इतिहासाला आणखी एक पदर आहे. त्या काळातील कित्येक मराठी संकेतस्थळे विशिष्ट टंकावर अवलंबून होती: रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. असा मजकूर आपल्या पानावर मराठी दिसे. पान सोडताच टंक सुटे आणि रोमन अक्षरांचा अर्थहीन चिवडा उरे. फीड युनिकोडवर आधारलेली असल्याने तिच्यातून केवळ युनिकोडमधील देवनागरीच धड प्रवास करू शके. नव्या मराठी अनुदिन्यांची शीर्षके एकत्र दाखवणारी संकलनस्थळे उभी राहिली ती याच बळावर.

फीडची खरी कसोटी मात्र साहित्याच्या पानांहून रुक्ष जागी लागते: एखाद्या कंपनीच्या साहाय्य-स्थळावर. मार्गदर्शिका स्थिर असते. बदललेले नियम, नवी आवृत्ती, खंडित झालेली सेवा यांच्या वार्ता अनुदिनीतून द्याव्या लागतात. अनुदिनीची आज्ञावली फीड आपोआप तयार करते. पानाच्या शीर्षभागातील एक ओळ तिचा पत्ता सांगते. तरी निर्णय माणसालाच घ्यावे लागतात. पूर्ण मजकूर द्यायचा की गोषवारा? किती नोंदी ठेवायच्या? प्रत्येक नोंदीची ओळखखूण कायम राहील ना? ती बदलली, तर जुन्या सूचना वाचकापुढे नव्याने येऊन आदळतात. ग्राहकाने ईमेल पत्ता दिला की तो जाहिरातींच्या यादीत जाण्याची धास्ती असते. फीडमध्ये ती नाही. नको वाटताच त्याने यादीतील एक ओळ खोडायची, कोणाची परवानगी लागत नाही.

नेमकी हीच गोष्ट पुढे गैरसोयीची ठरली. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने ‘न्यूज फीड’ आणली. शब्द तोच, व्यवस्था उलटी: वही पुन्हा कचेरीत गेली, आणि काय वाचायचे याचा क्रमही कचेरीच ठरवू लागली. ऑक्टोबर २००५ मध्ये सुरू झालेले ‘गूगल रीडर’ १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. मात्र जाताना वाचकांना आपापली यादी सोबत नेता आली आणि अन्य आज्ञावलीत उघडता आली. कचेरी बंद पडली तरी वर्गणी चालू राहावी, असे छापील नियतकालिकांच्या बाबतीत सहसा घडत नसे.

पॉडकास्ट आजही प्रामुख्याने आरएसएसवरच चालतात. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ते ठाऊक नसते. फीड संपली असे म्हणणे म्हणूनच घाईचे ठरेल. आपली वाचनयादी आपण करायची की ती आपल्यासाठी कोणी करावी, हा प्रश्न तिने विचारला होता. उत्तर देणे वाचकाकडेच आहे.