गाडी सुरू होत नाही: बॅटरी गेली की अल्टरनेटर? असं ओळखा

चावी फिरवली आणि ‘टक-टक’ आवाजापलीकडे काहीच झालं नाही, तर बहुतेक जण थेट नवी बॅटरी आणतात. पण दोष चार्जिंगमध्ये असेल, तर नवी बॅटरीही लवकरच उतरते आणि हजारो रुपये वाया जातात. साध्या मल्टिमीटरने हा फरक घरीच कळू शकतो.

कोणाचं काम काय?

बॅटरी स्टार्टरला करंट देते. इंजिन सुरू झालं की पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘डायनामो’, गाडीला वीज पुरवतो आणि बॅटरी पुन्हा चार्ज करतो.

आधी टर्मिनल पाहा

टर्मिनल सैल असेल किंवा त्यावर पांढरी-हिरवट पूड साचली असेल, तर चांगली बॅटरीही दगा देते. सफाई इंजिन बंद ठेवूनच करा. निगेटिव्ह वायर आधी काढा आणि शेवटी लावा. बॅटरीतून ज्वलनशील वायू निघतो, त्यामुळे जवळ काडी-सिगारेट नको.

तीन रीडिंग घ्या

१. गाडी रात्रभर उभी असताना: सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे फुल चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली असेल तर बॅटरी उतरली आहे. पण उतरलेली म्हणजे खराब नव्हे. आधी चार्ज करून मग तपासा.

२. सेल्फ मारताना: फुल चार्ज असूनही व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं, तर बॅटरी कमकुवत असल्याची शक्यता जास्त.

३. इंजिन सुरू असताना: साधारण १३.५ ते १४.७ व्होल्ट हवेत. १२.५ च्या आसपास राहून आकडा घसरत असेल, तर अल्टरनेटर, पट्टा किंवा वायरिंग तपासा. सतत १५ च्या वर असेल, तर रेग्युलेटरवर संशय घ्या. अनेक नव्या गाड्यांत कॉम्प्युटर व्होल्टेज कमी-जास्त करतो, म्हणून एका रीडिंगवर निर्णय नको.

तिन्ही रीडिंग ठीक, तरी बॅटरी उभ्या गाडीत उतरते? मग डॅशकॅम, बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम किंवा डिकीचा दिवा करंट खातोय का, ते पाहा.

हे करू नका

इंजिन सुरू असताना बॅटरीची वायर काढून ‘डायनामो चेक’ करण्याची जुनी पद्धत टाळा. व्होल्टेज अचानक उसळून इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं.

चालताना बॅटरीचा लाल दिवा लागला तर?

चार्जिंग बंद पडलंय, असं समजा. एसी, म्युझिक बंद करा आणि जवळचं गॅरेज गाठा. इंजिन बंद केल्यास पुन्हा सुरू होईलच असं नाही. मात्र तापमानाचा काटाही चढू लागला, तर पट्टा तुटलेला असू शकतो. तेव्हा गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन लगेच बंद करा.