तबकडीचा तुकडा आणि वाजवणाऱ्याची मजुरी

हिप-हॉप हे नाव आता राहात्याच्या पेठेतही पोरांच्या तोंडी ऐकू येते. वडीलधारी मंडळी त्याला गोंगाट म्हणतात. म्हणोत बापडी. पण कामगार चळवळीत हयात गेलेल्या आम्हांला त्या गोंगाटात मजुरीचा एक जुनाच प्रश्न ऐकू येतो.

आधी कारागिरी पाहू. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका चाळवजा इमारतीत नाचाचा जलसा झाला. तेथे रेकॉर्ड लावणारा कूल हर्क हा जमैकाहून आलेला तरुण. त्याने गाजवलेली युक्ती साधी होती. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती शेजारी शेजारी फिरवायच्या. पहिलीवरचा ढोलाचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू करायचा आणि तोवर पहिली हाताने मागे आणायची. आपल्या भजनात पखवाजी एकच आवर्तन धरून बसतो ना, तसे. फरक इतकाच की वाजवणारा समोर नाही.

पुढे हे काम यंत्राकडे गेले. १९८७ साली निघालेल्या एसपी-१२०० यंत्रात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावे. म्हणून पोरे ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर पळवून तुकडा भरीत आणि मग यंत्रात त्याची गती उतरवीत. आवाज खरखरीत होई, आणि लोकांना नेमका तोच आवडला. काटकसरीतून शैली जन्मली.

आपल्या घरचे गळेही या कारखान्यात गेले. लता मंगेशकरांनी 'ज्योती' (१९८१) चित्रपटासाठी गायिलेल्या गाण्याचा तुकडा २००२ साली 'ॲडिक्टिव्ह' या अमेरिकन गाण्यात परवानगीवाचून वापरला गेला. २००३ साली लॉस एंजल्सच्या न्यायालयाने संगीतकार बप्पी लाहिरींचे नाव छापल्याखेरीज विक्री करण्यास मनाई केली. आशा भोसल्यांच्या 'डॉन' (१९७८) मधील गाण्याचा तुकडा घेऊन ब्लॅक आइड पीज या मंडळींनी २००५ साली केलेल्या गाण्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

गायिकेचे नाव निदान जगाला ठाऊक असते. पण तुकड्यात वाजतो तो ढोल, ते व्हायोलिन, ती ट्रम्पेट कोणाची? अमेरिकेत क्लाइड स्टबलफील्ड या ढोलकऱ्याने १९६९ साली जेम्स ब्राउनसाठी वाजवलेला ठेका शेकडो गाण्यांत कापून घातला गेला. गीतकर्ता म्हणून नाव ब्राउनचे. त्यामुळे स्टबलफील्डला त्याचा हक्काचा वाटा मिळालाच नाही. तो २०१७ साली वारला. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याकडून आलेले कितीतरी वादक रोजावर वाजवून घरी जात. तबकडीच्या वेष्टनावर त्यांची नावे क्वचितच येत.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने १९९४ च्या दुरुस्तीत वादकालाही 'कलावंत' मानले आणि २०१२ साली रॉयल्टीचा हक्क दिला. मात्र त्याच २०१२ च्या दुरुस्तीत एक पाचर आहे: चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक आणि धंद्याच्या रिवाजाने ज्याचे नाव श्रेयनामावलीतही येत नाही, तो एक अपवाद वगळता कलावंत नव्हे! म्हणजे आधी नाव गाळायचे आणि मग नाव नाही म्हणून हक्क नाकारायचा. हजेरीपटावर नाव नाही, सबब बोनस नाही, असे हंगामी कामगाराला सांगणारे हिशेबनीस आम्ही उसाच्या मुलखात पुष्कळ पाहिले आहेत. तेथे आम्ही काय करतो? शेजारच्या पाळीचे साक्षीदार उभे करतो.

वादकांच्या संघटनेलाही तेच करता येईल. कोणत्या गाण्याला कोण बसले होते हे सांगू शकणारे साथीदार अजून आहेत, पण त्यांतले बहुतेक सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.