चिंगयांग गोंग : शेळीच्या नावाचं मंदिर

आज आपल्याला चीनच्या सिचुआन प्रांतात, चेंगदू शहरात जायचं आहे. तिथे ताओ पंथाचं एक जुनं मंदिर आहे, चिंगयांग गोंग. 'यांग' म्हणजे शेळी. चिनी भाषेत मेंढीलाही हाच शब्द. 'चिंग' हा रंग हिरव्यापासून निळ्या-काळ्यापर्यंत कुठलाही असू शकतो. 'गोंग' म्हणजे राजवाडा. थोडक्यात, 'हिरव्या शेळीचा राजवाडा'. आता इथे शेळी का आणि राजवाडा का, हे दोन प्रश्न आपण वेगळे ठेवू. पहिल्याचं उत्तर दंतकथेत सापडतं, दुसऱ्याचं राजकारणात.

आधी दंतकथा. लाओत्से देश सोडून पश्चिमेकडे निघाले, तेव्हा खिंडीवरचा नाकेदार यिन शी याने त्यांना थांबवलं आणि काही लिहून देण्याची विनंती केली. लाओत्सेंनी 'ताओ ते चिंग' लिहून दिला आणि जाताना सांगितलं, की हजार दिवस साधना कर, मग चेंगदूला चिंगयांगच्या बाजारात मला शोध. यिन शी ठरल्या वेळी तिथे पोहोचला. हिरवी शेळी घेऊन चाललेला एक मुलगा त्याला दिसला. तो त्याच्या मागोमाग गेला, तर त्या घरी लाओत्से तान्ह्या बाळाच्या रूपात भेटले!

गंमत अशी, की इतिहासकार सिमा छ्यान याने इ. स. पूर्व पहिल्या शतकात लाओत्सेंचं चरित्र लिहिलं, त्यात खिंड आहे, नाकेदार आहे, ग्रंथही आहे. पण चेंगदू नाही आणि शेळीही नाही. पुढे लाओत्सेंचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही, असंच तो म्हणतो. म्हणजे ही भेट मागाहून जोडली गेली.

आता राजकारण. थांग घराण्याचं आडनाव ली, आणि लाओत्सेंचंही ली. त्यामुळे हे सम्राट स्वतःला लाओत्सेंचे वंशज म्हणवत. ह्वांग छाओच्या बंडात राजधानी छांगआन पडली आणि सम्राट शीत्सोंग पळाला. ८८१ मध्ये तो चेंगदूला पोहोचला. ८८३ मध्ये या देवळाच्या आवारात एक वीट सापडल्याचं जाहीर झालं. तिच्यावर जुन्या वळणाची सहा अक्षरं होती : परमश्रेष्ठ लाओत्से 'चोंगह' काळातलं संकट शमवतील, अशा अर्थाची. पण 'चोंगह' हे शीत्सोंगच्याच कालगणनेचं नाव, ८८१ मध्ये सुरू झालेलं! अक्षरं पुरातन आणि मजकूर दोन वर्षांपूर्वीचा. सम्राटाने मात्र लगेच फर्मान काढलं. तोवर हे 'श्वानचोंग गुआन', म्हणजे एक मठ होतं. आता ते 'गोंग' झालं. पूर्वजांचं घर म्हटल्यावर राजवाडाच हवा.

८८५ मध्ये सम्राट परतला. ९०७ मध्ये थांग घराणं संपलं. मिंग काळाच्या अखेरच्या धामधुमीत मंदिरही उद्ध्वस्त झालं. आजच्या बहुतेक वास्तू नंतरच्या, छिंग काळातल्या आहेत. नाव तेवढं टिकलं.

मुख्य दालनात आज ब्राँझच्या दोन शेळ्या आहेत. एकशिंगी शेळी १७२३ मध्ये एका मोठ्या अधिकाऱ्याने बीजिंगहून आणून दिली. तिच्या अंगात चिनी राशिचक्रातल्या बाराही प्राण्यांची लक्षणं आहेत. दुसरी १८२९ ची. आपला जो अवयव दुखतो, शेळीचा तोच अवयव लोक हाताने चोळतात. चोळून चोळून ब्राँझ चकाकतं. त्यांना शीत्सोंग आठवत नसेल. पण त्याने फर्मान काढलं नसतं, तर ती बाजारातली शेळी देवळाच्या नावात आली असती का, याचा विचार आपण करायला हवा.