शिदोरी होती, पाणी नव्हते

दिवाळीच्या सुट्टीत नांदगावहून कोकणात निघालेल्या गाडीच्या डिकीत दोन गोष्टी हमखास असतात. एक म्हणजे फराळाचे डबे आणि दुसरी म्हणजे पाण्याचा वीस लिटरचा जार. फराळाचे कारण उघड आहे. जारचे मात्र नवल वाटते. निघायचे पावसाच्या छायेतल्या कोरड्या तालुक्यातून आणि जायचे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात. मग पाणी इकडून तिकडे का न्यायचे? 'घरचे पाणी बाधत नाही' असे उत्तर मिळते. पण या सवयीच्या मागे मोठा इतिहास आहे. प्रवासातल्या खाण्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रवासातल्या पाण्याचा विचार त्या मानाने फार कमी झाला.

नांदगावकरांना हा विषय परका नाही. निजामाच्या मुलखातली रेल्वे मनमाडला येऊन मिळण्यापूर्वी वेरूळची लेणी पाहायला जाणारे प्रवासी नांदगाव स्थानकावर उतरत आणि टांग्याने पुढे जात. म्हणजे शिदोरी सोडण्याचे आणि सुरई भरून घेण्याचे हे ठिकाण होते. पांझणचे गिरणा धरण याच तालुक्यात आहे, पण त्याच्या पाण्यावर भिजते ती मुख्यतः शेजारच्या जळगाव जिल्ह्यातली शेती. पाणी जवळ असणे आणि ते आपल्याला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही.

आधी शिदोरीकडे पाहू. भाकरी, चटणी, कांदा ही कष्टकऱ्याची शिदोरी. पांढरपेशा घरातून लांबच्या वाटेला दशम्या दिल्या जात. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात. त्यामुळे ती मऊ राहते आणि दोन-तीन दिवस टिकते, हे एक कारण. दुसरे कारण सोवळ्याचे. पाण्यात शिजवलेल्या अन्नाला विटाळ लागतो, दुधात भिजवलेल्याला किंवा तुपात तळलेल्याला तो तसा लागत नाही, अशी समजूत होती. म्हणजे वाटेत काय खायचे हेदेखील पाण्यानेच ठरवले होते. गोष्टीतला राजपुत्र तहानलाडू आणि भूकलाडू घेऊन निघतो. त्यातल्या भूकलाडूच्या जातीचे पदार्थ आपल्या घरोघर आहेत. तहानलाडू मात्र गोष्टीतच राहिला, कारण तहान लाडवाने भागत नाही.

पाणी वाहून नेणारे प्रवासी नव्हते असे नाही. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये उत्तरेकडे निघाले आणि परत येताना गंगेची कावड खांद्यावरून घरी घेऊन आले. त्यांचा 'माझा प्रवास' 1907 मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी प्रसिद्ध केला. बंडाच्या धामधुमीतून, लुटारूंच्या वाटेने शेकडो कोस जपून आणलेले ते पाणी पिण्यासाठी नव्हते, पुण्यासाठी होते. पिण्याचे पाणी वाटेवरच्या विहिरीवर, नदीवर, घाटावर मिळेल, हे त्यांनी गृहीत धरले होते. अहिल्याबाई होळकरांसारख्या राज्यकर्त्यांनी बांधलेल्या विहिरी, बारवा आणि धर्मशाळा, गावोगावच्या चैत्रातल्या पाणपोया यांच्या भरवशावर माणसे घराबाहेर पडत. गोडसे भटजींना तो भरवसा ठेवता आला. सगळ्यांना तो ठेवता येत नव्हता.

कोकणची वाट तर आणखी निराळी. एका खाडीपासून दुसरीपर्यंत जमीन तुटलेली. त्यामुळे दूरचा प्रवास गलबताने आणि पुढे आगबोटीने होई. जवळच्या प्रवासात मध्ये तर लागे. किनाऱ्याकिनाऱ्याने गाडी हाकत जाणे ही अगदी अलीकडची चैन आहे. धोपावे-दाभोळ किंवा आगरदांडा-दिघी इथे आजही गाडी बोटीवर चढवावी लागते.

या किनाऱ्यावर पाऊस भरपूर, पण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. डोंगरावरून आलेले पाणी काही तासांत समुद्राला मिळते आणि चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठतात. समुद्राकाठच्या विहिरीचा उपसा वाढला की पाणी मचूळ होते. शिवाय हवा दमट. नांदगावच्या कोरड्या उन्हात घाम आल्याबरोबर सुकतो, तिथे तो अंगावरून वाहतो, आणि पाण्याबरोबर मीठही जाते. कोकणी माणसाने यावर आपल्या परसातलेच उपाय शोधले. सकाळी मीठ घातलेली भाताची पेज, उन्हातून आल्यावर मीठ-जिरे घातलेले कोकमाचे सरबत, जेवणात सोलकढी, वाटेत शहाळे. पाण्यात थोडे मीठ आणि थोडी साखर किंवा पिठूळ पदार्थ असला की आतडे ते पाणी लवकर शोषून घेते, हे शास्त्राने 1960 च्या दशकात नीट उलगडले. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे असंख्य रोगी वाचवले. आल्यागेल्याच्या हातावर गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी ठेवणाऱ्या आपल्या आजीला ते शास्त्र ठाऊक नव्हते, पण रीत ठाऊक होती.

ही रीत सगळ्यांसाठी मात्र नव्हती. आपल्या प्रवासाच्या इतिहासातले हे पान आपण भरभर उलटतो.

1901 मध्ये चार मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. त्यांचे वडीलधारे खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुलांजवळ भरपूर खाणे होते. जात कळल्यावर कोणी गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. वाटेत प्यायला स्वच्छ पाणी मिळाले नाही. जे दिसले ते चिखलाचे, जनावरांनी घाण केलेले. रात्री जकात नाक्यावर पाणी मागितले, तिथेही नकार आला. डबा भरलेला असून ती मुले उपाशी झोपली, कारण पाण्यावाचून घास गिळता येत नव्हता. त्यातले एक मूल नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर. पुढे त्यांनी ही आठवण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात सांगितली. वडील ज्या कामावर होते ते काम तलाव खोदण्याचे होते. प्रवासातल्या अन्नपाण्यावर लिहायला बसलेल्या कोणालाही याहून मोठा दाखला सापडणार नाही.

याच लेखनात 1934 ची हकिकत आहे. तिची सुरुवात आपल्या जिल्ह्यातली. सुमारे तीस जणांची मंडळी नाशिकहून वेरूळ पाहायला निघाली. दौलताबादच्या किल्ल्यापाशी, प्रवासाची धूळ धुण्यासाठी, त्यांनी दरवाजाजवळच्या हौदात हातपाय धुतले. रमजानचा महिना होता. पाणी बाटवले म्हणून जमाव धावून आला. अखेर किल्ला पाहू दिला, पण आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर हत्यारबंद शिपाई दिला. पाण्याचा विटाळ एकाच धर्माच्या लोकांनी पाळला असे नाही.

आता पुन्हा कोकणची वाट. मुंबई-गोवा रस्त्यावरचे महाड हे सावित्रीकाठचे जुने व्यापारी गाव. घाट आणि बंदर यांच्यामधले. त्याच्या तळ्याचे नावच चवदार. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळे खुले असल्याचे जाहीर केले, पण तो ठराव कागदावर राहिला. मार्च 1927 मध्ये तिथे परिषद भरली. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. काही जण शंभर मैलांवरून, भाकरीचे तुकडे खांद्याला बांधून. शिदोरी त्यांची होती. पाणी मात्र विकत घ्यावे लागले. परिषदेच्या दोन दिवसांसाठी चाळीस रुपयांचे पाणी घेतल्याची नोंद आहे. जवळच गावाचे तळे भरलेले होते.

20 मार्चला मिरवणूक तळ्यावर गेली. डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्यामागून हजारोंनी ओंजळीने पाणी प्यायले. थोड्याच वेळात मंडपावर हल्ला झाला, माणसांना मारहाण झाली आणि तयार झालेले जेवण मातीत मिसळले गेले. पाणी प्यायल्याची शिक्षा अन्नाला झाली. नगरपालिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रहासाठी लोक जमले, तोवर प्रकरण न्यायालयात गेले होते. तळे सर्वांचे आहे हा उच्च न्यायालयाचा निकाल 17 मार्च 1937 रोजी लागला. ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षे गेली.

म्हणून डिकीतल्या त्या जारकडे मला नुसती सवय म्हणून पाहता येत नाही. 'घरचे पाणी बाधत नाही' या वाक्यात आरोग्याची काळजी आहे, तशी कोणाच्या हातचे पाणी प्यावे याची जुनी शंकाही कुठेतरी उरली आहे. बाटलीबंद पाण्याने जात विचारणे सोडले, हे खरे. पण ते पैसे मागते, आणि पाणपोयीचा रांजण रस्त्याकडेला उलटा पडला आहे.

कोकणात जाताना फराळ जरूर न्यावा. दमट हवेत तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे, कोकम घ्यावे, सकाळी मिळाली तर पेज प्यावी. आणि महाड आले की थोडे थांबावे. चवदार तळ्याच्या काठी डबा उघडावा, मुलांना वाढावे, आणि भरल्या डब्यापाशी उपाशी झोपलेल्या त्या चार मुलांची गोष्ट त्यांना सांगावी.