'विट' : एका संज्ञेच्या विरुद्धार्थांचा इतिहास

समानार्थी शब्दांची यादी जितकी लांब, तितका मूळ शब्दाचा अर्थ स्पष्ट, असे मानण्याकडे कोशकारांचा आणि भाषांतरकारांचाही कल असतो. इंग्रजी समीक्षेतील 'विट' ही संज्ञा या समजुतीला छेद देते. बुद्धी, भान, प्रतिभा, कल्पकता, चातुर्य, हजरजबाबीपणा, विनोद असे अनेक अर्थ या शब्दाने वाहिले आहेत, आणि काही काळ तर ते एकाच वेळी वाहिले आहेत. विल्यम एम्पसन यांनी १९५१ मध्ये व सी. एस. लुईस यांनी १९६० मध्ये या शब्दावर स्वतंत्र प्रकरणे लिहिली, ती या बहुअर्थतेमुळेच. मात्र ही बहुअर्थता उलगडण्यासाठी समानार्थांपेक्षा विरुद्धार्थांचा मागोवा अधिक उपयोगी पडतो. कोणत्या काळी 'विट'च्या समोर कोणता शब्द उभा होता, हे कळले की त्या काळातील तिचा अर्थही निश्चित होऊ लागतो.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा शब्द संस्कृत 'विद्' धातूचा सगोत्र आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ मन, समज, जाणीव असा होता. 'पाच विट' म्हणजे माणसाच्या ज्ञानशक्ती. या टप्प्यावर विरुद्ध पद होते ते मूर्खपणाचे. शेक्सपिअरच्या नाटकांतील विदूषक हा या विरोधाशी खेळतो. 'किंग लिअर'मध्ये मूर्ख म्हणून वावरणाराच राजाला शहाणपणाचे बोल ऐकवतो. शहाणपण आणि शाब्दिक चलाखी हे दोन अर्थ येथे अद्याप विलग झालेले नाहीत.

सतराव्या शतकात विरोधाचा दुसरा ध्रुव बदलला. हॉब्सने 'लेव्हायथन'मध्ये (१६५१) वस्तूंमधील साम्य टिपणारी शक्ती आणि भेद टिपणारी शक्ती असा फरक केला. लॉकने १६९० च्या आपल्या निबंधात पहिलीला 'विट' व दुसरीला 'जजमेंट', म्हणजे विवेक, असे आमनेसामने ठेवले. या विभागणीचे परिणाम दूरगामी होते. सत्याचा निवाडा भेद जाणणाऱ्या विवेकाकडे गेला आणि साम्य शोधणाऱ्या कवीच्या वाट्याला केवळ रंजन उरले. समकालीन कवींना ही वाटणी मान्य होती असे नाही. काउलीने १६५६ च्या संग्रहातील आपल्या 'विट'विषयक काव्यात ती काय नाही हेच मुख्यतः सांगितले. ड्रायडनने १६७७ मध्ये विचार व शब्द यांचे औचित्य अशी तिची व्याख्या केली, म्हणजे विवेकाला तिच्यातच सामावून घेतले. अशा व्याख्येनुसार युक्लिड हाच सर्वश्रेष्ठ ठरेल, असा टोला ॲडिसनने १७११ मध्ये 'स्पेक्टेटर'मधून लगावला. त्याने लॉकचे सूत्र स्वीकारले, परंतु त्यात आनंद व आश्चर्य यांची भर घातली. शब्दांच्या साम्यावर उभी असलेली 'विट' खोटी आणि कल्पनांच्या साम्यावर उभी असलेली खरी, असे सांगून त्याने भाषांतराची कसोटी लावली : भाषांतरात जे नाहीसे होते ती केवळ कोटी.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या पोपच्या 'एसे ऑन क्रिटिसिझम'मध्ये ७४४ ओळींत हा शब्द चाळीसहून अधिक वेळा येतो; कधी प्रतिभा, कधी कवी, कधी काव्य, तर कधी उथळ चमकदारपणा या अर्थाने. 'विट' आणि विवेक यांचे नाते पोपला पती-पत्नीसारखे वाटते : भांडणारे, तरी परस्परांसाठीच असलेले. पुढे 'डन्सिअड'मध्ये (१७२८) त्याने तिच्यासमोर जडतेची देवता उभी केली. विवेक हा विरोधी नसून जडत्व विरोधी आहे, ही भूमिका त्यातून स्पष्ट होते.

स्वच्छंदतावादाने मात्र ही संज्ञा पदच्युत केली. कोलरिजने १८१७ मध्ये कल्पनाशक्ती आणि 'फॅन्सी' यांत भेद करून सर्जनाचा मान पहिलीला दिला. 'विट'ची गणना कनिष्ठ शक्तींमध्ये होऊ लागली. मॅथ्यू आर्नल्डने १८८० मध्ये ड्रायडन-पोप यांचे काव्य बुद्धीत जन्मलेले, तर खरे काव्य आत्म्यात जन्मलेले, असा निवाडा दिला. विरुद्ध पद आता 'आत्मा' झाले होते, आणि दरबारी चमक एवढाच 'विट'चा अर्थ उरला. टी. एस. एलिअटने १९२१ मध्ये मार्व्हेलवरील लेखात तिचे पुनर्वसन केले, ते गांभीर्याशी असलेला तिचा विरोधच नाकारून. एका अनुभवाच्या अभिव्यक्तीतच अन्य अनुभवांची शक्यता ओळखणे, हा तिचा नवा अर्थ ठरला.

मराठी समीक्षेपुढील प्रश्न येथे उपस्थित होतो. 'विनोद' हा पर्याय हास्याशी जखडलेला आहे. 'चातुर्य' व्यवहाराकडे झुकते. 'वैदग्ध्य' हा शब्द, 'विद्'पासून नव्हे तर 'दह्'पासून सिद्ध झालेला असला, तरी कुंतकाच्या वक्रोक्तिविचारातील स्थानामुळे पोपच्या संज्ञेला अधिक जवळचा आहे. पण लॉकच्या संदर्भात तोही अपुरा पडतो, कारण वैदग्ध्याच्या विरोधात विवेक कधीच उभा नव्हता. हा केवळ पारिभाषिक काटेकोरपणाचा मुद्दा नाही. मर्ढेकरांच्या कवितेत संतांचे छंद आणि यंत्रयुगातील प्रतिमा एकत्र येतात, तेव्हा त्या संयोगाला 'विनोद' वा 'उपहास' म्हटले की त्यातील श्रद्धेची व्याकुळता समीक्षेच्या हातून निसटते. जॉन्सनने १७७९ मध्ये काउलीच्या चरित्रात वर्णिलेला विसंवादातील संवाद हा अर्थ तेथे आवश्यक असतो. म्हणून 'विट'साठी एकच प्रतिशब्द निश्चित करण्यापेक्षा प्रत्येक संहितेत तिचा प्रतिपक्ष कोणता, हे आधी ठरवणे आणि त्यानुसार पर्याय योजणे हेच अभ्यासकाला अधिक श्रेयस्कर होय.