इंग्रजी कविता : डोळ्यांची आणि कानांची

इंग्रजी भाषा शिकविण्याचे साधन म्हणून कवितेचा उपयोग आपल्याकडे दीर्घकाळ होत आला आहे. मात्र या साधनाने नेमके काय शिकविले, हा प्रश्न मराठी समीक्षेने क्वचितच विचारला. इंग्रजी कवितेचा मराठी कवितेवरील ‘प्रभाव’ हा आपल्या अभ्यासाचा आवडता विषय. परंतु तो प्रभाव ज्या वर्गातून आला, त्या वर्गातील वाचनपद्धतीकडे आपले दुर्लक्ष झाले आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. पुढील दशकातच उच्च परीक्षांतून देशी भाषा वगळल्या गेल्या आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, मराठीला एम.ए.च्या परीक्षेत स्थान मिळाले. मधल्या काळातील मराठी विद्यार्थ्यापुढे महाविद्यालयात इंग्रजी कविता होती, तिच्या शेजारी मराठी कविता नव्हती. ज्या भाषेत त्याच्या कानावर ओव्या, अभंग आणि आर्या पडल्या होत्या, ती भाषा वर्गाच्या बाहेर राहिली. इंग्रजी कविता त्याला भेटली ती बहुधा छापील पानावर, परीक्षेची नेमणूक म्हणून.

या कवितेचे वाचन कसे होई? पद्याचे गद्यात रूपांतर, कठीण शब्दांचे अर्थ, संदर्भासह स्पष्टीकरण ही त्याची सर्वपरिचित अंगे. ही पद्धत निव्वळ परकी होती असे म्हणता येत नाही. पदच्छेद, अन्वय आणि अर्थ या क्रमाने संस्कृत काव्य वाचण्याची शिस्त येथे आधीपासून रुजलेली होती. फरक इतकाच की संस्कृत श्लोक आधी पाठ होई, म्हणजे कानात वसे, आणि मग त्याचा अन्वय लागे. इंग्रजी कवितेच्या बाबतीत ही पहिली पायरीच दुबळी राहिली. अर्थ हाती आला, आवाज निसटला.

या पद्धतीतूनही पुष्कळ मिळाले, हे नाकारता येणार नाही. टेनिसनच्या ‘प्रिन्सेस’वरून कीर्तिकरांनी रचलेले ‘इंदिरा’ (१८८४) आणि महाजनींची ‘कुसुमांजलि’ (१८८५) ही भाषांतरे एका अर्थी वर्गातील अन्वयाचेच सर्जक रूप होत. इंग्रजी कविता पुरती समजून घ्यायची तर ती मराठीत आणावी लागते, ही जाणीव त्यांमागे आहे. केशवसुत (१८६६–१९०५) हे पेशाने शिक्षक. त्यांनीही इंग्रजी कवितांची भाषांतरे केली आणि १८९२ साली ‘मयुरासन आणि ताजमहाल’ या रचनेद्वारे सॉनेट मराठीत आणले.

येथेच मूळ प्रश्न स्पष्ट होतो. सॉनेटच्या चौदा ओळी आल्या, विचाराचे वळण आले, आत्मपर सूर आला. परंतु त्या ओळी ज्या आघातांवर उभ्या असतात ते आघात आले नाहीत. मराठी सुनीताने बहुधा शार्दूलविक्रीडितासारख्या अक्षरगणवृत्तांचा आश्रय घेतला. इंग्रजी छंद आघातांवर चालतो, मराठी वृत्त लघुगुरूंवर. त्यामुळे हे अटळ होते, असे उत्तर दिले जाईल. ते अंशतः खरेही आहे. तथापि डोळ्यांनी शिकलेल्या कवितेचे डोळ्यांना दिसणारे अंगच प्रथम उचलले गेले, ही गोष्ट केवळ भाषाभेदाने उलगडत नाही. माधव जूलियनांचा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ आपल्या छंदःशास्त्राचा मानदंड होय; फारसीचे अध्यापन करणाऱ्या या कवीला कवितेच्या कानाचे महत्त्व वेगळे सांगावे लागले नाही, हा योगायोग मानता येत नाही.

या दृष्टीने जोगेश्वरीचे उदाहरण उद्बोधक ठरते. तेथे १९३० साली इस्माईल युसूफ महाविद्यालय सुरू झाले. मुसलमान समाजातील उच्चशिक्षणाला चालना देणे हा त्याच्या स्थापनेमागील प्रमुख हेतू. उपनगरातील अशा वर्गात मराठी आणि उर्दू अशा भिन्न काव्यपरंपरांतून आलेले विद्यार्थी एकाच इंग्रजी कवितेपुढे बसतात. उर्दू शेर मुखोद्गत असणाऱ्याला काफिया आणि रदीफ यांचा कान असतो. अभंग ऐकलेल्याला यमकाचा आणि चरणाच्या लांबीचा. इंग्रजी कवितेचा आस्वाद या दोन्ही कानांना जोडून देता येतो. गद्यरूपांतराची प्रश्नपत्रिका मात्र दोघांनाही सारखेच बहिरे करते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. त्या निर्णयाच्या इष्टानिष्टतेचा वाद येथे प्रस्तुत नाही. परंतु त्यामुळे एक क्रम आपोआप उलटला : मराठी शाळेतील मुलाला इंग्रजी आता आधी बालगीतातून, म्हणजे नादातून भेटते आणि अर्थ मागून येतो. एकोणिसाव्या शतकातील विद्यार्थ्याला जे नाकारले गेले, ते या मुलाला विनासायास मिळते. पुढे माध्यमिक वर्गात पोहोचल्यावर तीच कविता पुन्हा प्रश्नोत्तरांत विरघळणार असेल, तर मात्र हा लाभ क्षणिक ठरेल. कवितेने भाषा शिकवावी, ही अपेक्षा रास्त आहे. पण कविता ऐकल्यावाचून ती काय शिकविणार, याचा निर्णय आपल्या अध्यापनाने अद्याप केलेला नाही.