तळटीप : ‘गेम वॉर्डन’

१. गेम वॉर्डन : अमेरिकेतील घटक राज्यांच्या सेवेतील, शिकार व मासेमारीचे कायदे अमलात आणणारा अधिकारी. ‘गेम’ म्हणजे येथे खेळ नव्हे, तर परवाना घेऊन ज्यांची शिकार करता येते असे पशुपक्षी व मासे. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील हौशी शिकार संपुष्टात आल्यामुळे ‘वनरक्षक’ हा शब्द या पदाला नेमका लागू पडत नाही, म्हणून मूळ संज्ञाच कायम ठेवली आहे. शिकाऱ्याचा परवाना, हंगामाच्या तारखा आणि मारलेल्या जनावरांची संख्या तपासणे हे वॉर्डनचे नित्याचे काम असून, ज्यांना तो बहुधा एकट्यानेच हटकतो ते सशस्त्र असतात. या पेशातील नाट्य त्यातूनच उद्भवते. सी. जे. बॉक्स यांनी वायोमिंग राज्यातील बिगहॉर्न पर्वताच्या परिसरात ट्वेल्व्ह स्लीप ही काल्पनिक काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) कल्पून तेथे जो पिकेट हा वॉर्डन नेमला, आणि २००१ मधील ‘ओपन सीझन’पासून (शब्दशः, शिकारीस खुला हंगाम) वीसहून अधिक कादंबऱ्यांत त्याची कथा पुढे नेली. हा नायक अचूक नेमबाज नाही; पहिल्याच कादंबरीत तो दंडाची पावती लिहीत असताना चोरटा शिकारी त्याचे हत्यार हिसकावून घेतो. नामशेष समजल्या गेलेल्या एका प्राण्याचे अस्तित्व नैसर्गिक वायूच्या वाहिनीला अडसर ठरते, या तिच्यातील कल्पनेत पर्यावरण, कायदा आणि पैसा यांचा जो संघर्ष दिसतो, तोच पुढे मालिकेचा स्थायीभाव ठरला.